सुपारी सोलता सोलता एच-इंडेक्स आणि खानोलकरांचा १९४५ चा पेपर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे एकच घाई, पाऊस लागायच्या आत खळ्यात वाळत घातलेली सुपारी सोलून पोत्यात भरायची. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर, मागे पोफळीची छोटीशी बाग, त्यामुळे सोलायला घरातले झाडून सगळे बसतात, अगदी सुट्टीला आजोळी आलेली माझी भाचीसुद्धा. ती मुंबईत कॅन्सरवर पीएचडी करतेय. बोलता बोलता ती म्हणाली, आमच्या सरांचा एच-इंडेक्स साठच्या वर आहे. आमचे आपाकाका हातातली सुपारी खाली ठेवून काळजीने म्हणाले, "साठ? मगे गोळी चालू केल्यानी की नाय?" त्यांना वाटलं शुगरचा रिपोर्ट असेल, कारण मी कुडाळला एका लॅबमध्ये कामाला आहे आणि रोज रात्री जेवताना कोणाची शुगर किती आली हेच त्यांच्या कानावर पडतं.

हसून झालं, पण मग काकांनी खरंच विचारलं की ही काय भानगड आहे, सांगा. भाचीने सांगायला घेतलं आणि दोन वाक्यांत ती इंग्रजीत घुसली, मग मी पडलो मध्ये. दुपारभर जे काय बोललो ते इथे लिहून काढतोय, कारण हे मराठीत साधं सरळ कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही आणि शेवटी विषय आमच्याच सुपारीपर्यंत आला.

पहिल्यापासून सुरू करू. संशोधक काय करतो तर प्रयोग करतो, पेशंट तपासतो, आकडे जमवतो आणि जे सापडलं ते लिहून एखाद्या जर्नलला पाठवतो. जर्नल म्हणजे फक्त शास्त्रज्ञ वाचतात असं मासिक. संपादक तो लेख त्याच विषयातल्या दोन-तीन माणसांना वाचायला देतो, ते चुका काढतात, प्रश्न विचारतात, पुन्हा लिहायला लावतात, कधी सरळ परत पाठवतात, आणि यातनं पार पडलं तर छापतात, त्याला म्हणायचं पेपर. आता पुढचा कुणी संशोधक त्याच विषयावर लिहायला बसला की त्याला सांगावं लागतं की ही गोष्ट मी माझ्या मनाची बोलत नाही, अमक्याने अमक्या साली हे दाखवलंय. हा जो उल्लेख, त्याला सायटेशन म्हणतात. आपल्याकडे पंचायतीत कुणी म्हणतो ना, की हा बांध कुठपर्यंत ते तात्या सांगून गेलेत, तसंच. ज्या तात्यांचं नाव जास्त वेळा निघतं ते वजनदार, असा साधा हिशोब.

हे मोजायचं वेड जुनं नाही. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, म्हणजे कुणी कुणाचा उल्लेख केला त्याची भलीमोठी वही. आणि एच-इंडेक्स तर अगदी कालचा, २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला. तो समजायला आंब्याची कलमं घ्या. तुमच्या बागेत कलमं आहेत, प्रत्येक कलमाला किती डझन आंबा लागला ते लिहा आणि जास्तीपासून कमीकडे एका ओळीत मांडा. मग पहिल्यापासून मोजत जा. पहिल्या कलमाला १२० डझन, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ९, चौथ्याला ६, पाचव्याला ५, सहाव्याला ३. पाचव्या नंबरापर्यंत नंबर आणि डझन यांचं जमतंय, पाच कलमं अशी की प्रत्येकाला निदान पाच डझन. सहाव्याला सहा हवे होते, तीनच आहेत, म्हणजे संपलं. या बागेचा एच-इंडेक्स ५. कलमांच्या जागी पेपर ठेवा, डझनांच्या जागी सायटेशन. सरांचा साठ म्हणजे त्यांचे साठ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख निदान साठ वेळा झालाय. हे खरंच मोठं काम आहे, उगीच नाही.

काका शेतकरी माणूस, त्यांनी लगेच खोट काढली. म्हणाले एका कलमाला चार हजार डझन लागले आणि बाकीच्यांना दोन-तीन, तर? तर एच-इंडेक्स २, फार तर ३. चार हजाराचं ते कलम हिशोबात एकच धरलं जातं, त्याला शंभर लागले काय नि चार हजार लागले काय, फरक नाही. म्हणजे आयुष्यात एकच पण जबरदस्त गोष्ट शोधलेला माणूस या मापात बारीक दिसणार. उलट वीस जणांच्या टोळीत राहून दरवर्षी पंधरा पेपरवर नाव लावणारा, एकमेकांचे उल्लेख करणारा, तो फुगलेला दिसणार. आणि विषयाप्रमाणेही फरक पडतो, कॅन्सरवर जगात प्रचंड माणसं काम करतात, तिथे उल्लेख पटापट वाढतात, गणितात वाढत नाहीत. कॅन्सरवाला आणि गणितवाला शेजारी उभे करून एच-इंडेक्सने मोजणं म्हणजे काजू आणि फणस एकाच तराजूत नगावर विकणं.

जर्नलचाही असाच एक आकडा असतो, इम्पॅक्ट फॅक्टर. गेल्या दोन वर्षांत त्या जर्नलने समजा २०० लेख छापले आणि यंदा त्यांचे ६०० वेळा उल्लेख झाले, तर ३. एवढंच. यात गंमत म्हणजे अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं एक जर्नल आहे, त्याचा हा आकडा काही वर्षी ५०० च्याही वर गेलाय, कारण ते दरवर्षी कॅन्सरची आकडेवारी छापतं आणि जगातला प्रत्येक कॅन्सरवाला आपल्या लेखाची पहिली ओळ तिथून उचलतो. आकडेवारी उपयोगाची आहेच, पण म्हणून त्या जर्नलमधला प्रत्येक लेख पाचशे पट भारी असं काही नाही. आणि आजवर सगळ्यात जास्त उल्लेख कुठल्या पेपरचे झालेत तर १९५१ सालच्या, लॉरी आणि सहकाऱ्यांच्या, तीन लाखांच्या वर. त्यात रोगावर औषध नाही की काही नाही, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची एक रीत आहे. आमच्या लॅबवाल्यांना याचा काय आनंद झाला म्हणून सांगू.

आता खरा विषय. भाची म्हणाली, मामा, तुला माहितेय का, भारतात कॅन्सर संशोधनाचा पाया घातला तो माणूस खानोलकर. खानोलकर म्हटल्यावर आमच्या खळ्यातले सगळे सावध, कारण खानोली आमच्या वेंगुर्ले तालुक्यातच, समुद्राला लागून. आपल्याकडे आडनावात गाव असतं आणि माणूस कुठेही असला तरी आपण त्याला गावात आणून बसवतो! प्रत्यक्षात डॉ. वसंत रामजी खानोलकर जन्मले १३ एप्रिल १८९५ ला, ते क्वेट्ट्याला, जे आता पाकिस्तानात. लंडनला जाऊन १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी केलं, मग मुंबईत ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकलमध्ये शिकवलं, आणि १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन सांभाळलं. पॅथॉलॉजी म्हणजे पेशंटच्या शरीराचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग सांगायचा. माझं रोजचं ब्लड-युरिन त्या झाडाची एक बारकीशी फांदी.

त्यांचा जो पेपर मला सगळ्यात आवडतो तो १९४५ चा, आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी या अमेरिकन जर्नलमध्ये छापलेला, खानोलकर आणि सूर्याबाई या दोघांच्या नावावर. विषय काय तर माणसांच्या सवयी आणि कॅन्सर, आणि भारतातले तीन नवे प्रकार. ते तीन प्रकार ऐका.

पहिला धोतराचा कॅन्सर. धोतर कमरेला रोज एकाच जागी करकचून बांधायचं, वर्षानुवर्षं, घाम, घर्षण, कातडीचा रंग जातो, ती जाड होते, तिथे जखम होते, बरी होते, परत होते, आणि काही जणांत तिथेच कातडीचा कॅन्सर. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या बाजूला, चुट्टा म्हणजे जाडी विडी ओढतात आणि बऱ्याच बायका ती उलटी ओढतात, पेटतं टोक तोंडात. त्यांना कॅन्सर होतो टाळूला, जिथे बाकी देशात तो क्वचित दिसतो. तिसरा खैनीचा, बिहारकडे तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या खाचेत धरून ठेवतात, तर कॅन्सर बरोब्बर त्या खाचेत.

बघा, यात मशीन नाही, महागडं काही नाही. हॉस्पिटलात येणारी माणसं, ती कुठून आली, काय नेसतात, काय खातात, कसं ओढतात हे विचारणं आणि कॅन्सर नेमका कुठे आहे ते नीट लिहून ठेवणं. पण त्यातनं निघतं ते मोठं आहे. त्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं की कॅन्सर म्हणजे नशीब, किंवा रक्तातच असतो. खानोलकर म्हणतात की सवय सरकली की कॅन्सरची जागा सरकते. टाळूला निखारा तर टाळूला, ओठात गोळी तर ओठात. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी धरतात, निखाऱ्यांची शेगडी, तिथे पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला कॅन्सर होतो हे तर त्यांच्याही आधी एकोणिसाव्या शतकात लिहिलं गेलं होतं. म्हणजे कारण बाहेर आहे, आणि बाहेर आहे तर टाळता येईल.

या पेपरचा पुढे काय परिणाम झाला ते आकड्यांत बघायला गेलं तर पंचाईत होते. सायटेशनची वहीच मुळात १९६० नंतरची, पेपर आणि उल्लेख शोधायचं गुगल स्कॉलर २००४ चं, त्याआधी कोणी कोणाचं नाव घेतलं ते अर्धवट नोंदलेलं. पण धागा धरून चालत गेलं तर दिसतं. धोतराच्या कॅन्सरचंच घ्या. पुढे डॉक्टरांना तसाच कॅन्सर साडीवाल्या बायकांच्या कमरेला दिसला, त्याला साडीचा कॅन्सर म्हणायला लागले. आणि २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या जर्नलमध्ये आपल्या इथल्याच डॉक्टरांनी लिहिलं की दोष साडीचा नाही, परकराच्या नाडीचा आहे, ती कचकचून बांधतात म्हणून होतं. ऐंशी वर्षांनी तोच विचार, तीच कंबर. आमच्या काकीने हे ऐकल्याबरोबर उठून आत जाऊन नाडी सैल केली, ही गोष्ट मी लिहू नये असं तिने बजावलंय, पण लिहितो. हे फार दुर्मीळ आहे बरं का, घाबरायचं काही नाही, कमरेवर न भरणारी जखम असली तर दाखवायची, बस.

आता पुरावा किती पक्का हा मुद्दा, कारण इथेच लोक गोंधळतात. १९४५ चा पेपर म्हणजे आम्ही अमुक पेशंट पाहिले आणि त्यांच्यात अशी सवय दिसली. यावर कोणी म्हणेल, अहो, त्या भागात सगळेच तंबाखू खातात, मग पेशंटही खाणारच, त्यात काय सिद्ध झालं? बरोबर आहे शंका. म्हणून पुढची पायरी, तुलना. सांगवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती केली, तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंड-घसा-अन्ननलिका यांचा कॅन्सर. रीत अशी की कॅन्सरवाले घ्यायचे, बिनकॅन्सरवाले घ्यायचे, आणि दोघांना त्याच सवयी विचारायच्या. नुसतं समजायला म्हणून मनाचे आकडे घेतो, १०० कॅन्सरवाल्यांत ८० खाणारे निघाले आणि १०० बिनकॅन्सरवाल्यांत ४०. पहिल्यात खाणारे न खाणाऱ्यांच्या चौपट, दुसऱ्यात ४० ला ६०, म्हणजे पाऊणपटही नाहीत. चाराला त्या ०.६७ ने भागलं की साधारण सहा. या सहाला म्हणायचं ऑड्स रेशो, आणि तो एकच्या जितका वर तितकी सवयीवरची शंका दाट. लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं याच रीतीने दाखवलं होतं. म्हणजे परळमधली मंडळी जगाच्या मागे वगैरे काही नव्हती, पाचच वर्षांचं अंतर, आणि आपला प्रश्न आपल्या लोकांच्या तोंडाचा. १९५५ च्या पेपरात एक बारीक गोष्ट आहे, चघळणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर जास्त आणि ओढणाऱ्यांत मागे घशाकडचा जास्त. परत तेच, जिथे वस्तू लागते तिथे.

यावर काकांचं नेहमीचं, "माझ्या बापाशीन आखो जन्म पान-तमाखू खाल्ल्यान, तेका काय्येक झाला नाय." हे वाक्य प्रत्येक घरात आहे, आणि खोटं नाही. आजो गेले ते ऐंशीच्या पुढे, तोंड शाबूत. पण हे बघा, शंभर होड्या वादळात गेल्या आणि सत्तर परत आल्या तर त्या सत्तरातला प्रत्येक जण जेटीवर बसून म्हणेल, वादळात जायला काय होतंय. बुडालेले सांगायला येत नाहीत. ऑड्स रेशो आपल्या आजोबांबद्दल बोलत नाही, तो शंभर आजोबांबद्दल बोलतो. काका गप्प झाले, पटलं म्हणून की सुपारी संपत नव्हती म्हणून, सांगता येणार नाही.

आणि मग विषय आला सुपारीवर, जो मी टाळत होतो.

तंबाखू वाईट यावर आता कोणी भांडत नाही. पण नुसती सुपारी? मुंबईतले कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये एका आजारावर लिहिलं, आता त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. मग १९५६ मध्ये टाटातले पेमास्टर यांनी लिहिलं की अशा तोंडांत कॅन्सर होताना दिसतोय. कारण म्हणून बोट सुपारीकडे जात राहिलं, तिच्यातलं अ‍ॅरेकोलीन हे द्रव्य आणि तांबं मिळून आत कोलॅजेन या प्रोटीनचे धागे वाढवतात आणि ते धागे सहज तुटतही नाहीत, म्हणून कातडी ताठरते. तरी जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था, आयएआरसी, तिने १९८५ च्या अहवालात म्हटलं की तंबाखू घातलेलं खायचं पान कॅन्सर करतं हे नक्की, पण बिनतंबाखूच्या पानाबद्दल पुरावा पुरेसा नाही. त्यानंतर वीस वर्षं पेपर येत गेले, तैवानहून बरेच, कारण तिकडे तंबाखू न घालता सुपारी खातात, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करून बघता येतात. आणि २००४ च्या अहवालात त्याच संस्थेने निकाल दिला की बिनतंबाखूचं पान आणि नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते, पहिल्या गटात, म्हणजे सिगरेट आहे त्या गटात. एक सांगायला हवं, हा गट म्हणजे पुरावा किती पक्का त्याचा गट, धोका किती मोठा त्याचा नाही. सुपारीचं एक खांड आणि सिगरेटचं पाकीट सारखंच घातक असा अर्थ काढू नका. पण कॅन्सर करते का, याचं उत्तर हो असं लागलं ते लागलं.

मला यातला तो वीस वर्षांचा काळ आवडतो. एकच संस्था, आधी म्हणते सांगता येत नाही, नंतर म्हणते नक्की. लोक म्हणतात शास्त्रज्ञ रोज मत बदलतात. बदलतातच, पण पेपर आल्यावर बदलतात.

काका म्हणाले, "मगे काय, पोफळी तोडून टाकू?" याला माझ्याकडे उत्तर नाही. वर्षाचा किराणा, भाचीच्या आईचं लग्न, माझा लॅबचा डिप्लोमा, सगळं या बागेतनं निघालेलं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीपासून आमच्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर हेच आहे. पूजेला सुपारी, लग्न ठरलं तर सुपारी, गणपती नसला तर गणपती म्हणून मांडायला सुपारी. देवासमोर ठेवलेल्या सुपारीने कोणाला काही होत नाही, गालात ठेवलेलीने होतं, एवढं मी बोललो आणि पुढची सुपारी उचलली.

हे सगळं कुठे पोचलं? दुकानात तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या जबड्याचा फोटो असतो ना, तिथे. तंबाखूचा कायदा २००३ चा, चित्रं आली २००९ मध्ये, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी, ती किती पाळली जाते ते एसटी स्टँडच्या भिंती सांगतातच. त्या फोटोखाली खानोलकर १९४५ असं कुठे लिहिलेलं नसतं. विज्ञानात हे नेहमी होतं, एखादी गोष्ट इतकी मुरते की नाव घ्यायची गरजच उरत नाही, तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो असं लिहिताना आज कोण १९५५ च्या पेपरचा उल्लेख करतो? नवीन एखाद्या लेखाचा करतात आणि पुढे जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या मुरण्याबद्दल लिहिलंय. मला त्याला वेगळं उदाहरण नको, आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातलं काजूचं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ कलम घ्या, अख्ख्या कोकणात लागलंय, त्यावर लोकांनी घरं बांधली, आणि ते ज्यांनी तयार केलं त्यांचं नाव विचारा, शंभरात एकाला सांगता येणार नाही. मलाही नाही येत, आणि केंद्रावरून रोज बस जाते माझी.

प्रभाव माणसांतूनही पुढे जातो, त्याला तर कुठलाच इंडेक्स नाही. कमल रणदिवे घ्या. पुण्यात १९१७ ला जन्म, माहेरच्या समर्थ, हुजूरपागा आणि फर्ग्युसन, पदव्युत्तर अभ्यास सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर, हो, सीताफळ! नवरा जे. टी. रणदिवे गणितज्ञ, म्हणजे मघाचा काजू-फणसाचा तराजू एकाच घरात. मुंबईला आल्यावर खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. गाय म्हणजे ज्यांनी हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या कॅन्सरच्या पेशी १९५१ मध्ये बाटलीत जिवंत ठेवून वाढवल्या, तिला न विचारता, आणि जगभर वाटल्या. हेन्रिएटा लॅक्सवरून ‘हिला’ (HeLa) नाव पडलेल्या त्या पेशींवर नंतर हजारो पेपर निघाले. लॅक्सबाईंचं नाव कुठल्याच पेपरवर लेखक म्हणून नाही, आणि कॅन्सर संशोधनात त्यांच्याएवढा वाटा कितीशा लेखकांचा असेल?

रणदिवे ती विद्या शिकून परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशी बाटलीत वाढवायची, प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. स्तनाचा कॅन्सर होणारे उंदरांचे वाण वाढवले, हार्मोन, व्हायरस आणि अंगभूत प्रवृत्ती यांचा मेळ कसा बसतो ते बघितलं. कॅन्सर आणि कुष्ठरोग मिळून दोनशेच्या वर पेपर. १९५८ मध्ये बापट, रणदिवे, खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवल्याचं जाहीर केलं, संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात, त्यावरून पुढे लस करायचेही प्रयत्न झाले. पण तो खरा कुष्ठरोगाचाच जंतू का, यावर पुढे बरेच वाद झाले आणि नंतरच्या तपासण्यांनी त्याला दुसऱ्याच कुळात टाकलं. म्हणजे उल्लेख झाले, पण त्यातले काही वाद घालायला. सायटेशन मोजणारं यंत्र शाबासकी आणि शंका दोन्ही एकच धरतं, हे भाचीला तिच्या सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलंय म्हणे. रणदिवेंनी १९७३ मध्ये काही जणींना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ ला पद्मभूषण, २००१ ला गेल्या. खानोलकर त्याआधीच, १९७८ ला.

भाची म्हणते तिच्या थीसिसच्या पहिल्या प्रकरणात ती १९४५ चा पेपर घालणार. गाईड म्हणाले इतका जुना कशाला. ती म्हणाली घालणार. तेवढंच एक सायटेशन वाढेल, कलमाला एक डझन जास्त.

शेवटी तिने एक गोष्ट दाखवली जी मी लॅबमध्ये असून कधी घरात केली नव्हती. तोंड उघडायचं आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का बघायचं. साधारणपणे जातात. मग गाल बाहेर खेचून आत, जिभेखाली, ओठाच्या खाचेत बघायचं, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, टणक गाठ. केरळात असंच नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासायचा मोठा प्रयोग झाला, साध्या प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून, २००५ मध्ये लॅन्सेट या जर्नलला छापून आला, तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले.

सगळ्यांनी करून बघितलं, पोरांनी तर चार-चार बोटं घातली. आपाकाकांनी पान थुंकून, चूळ भरून, तीन बोटं धरली. दोन गेली. तिसरं नाही गेलं. त्यांनी परत एकदा केलं, मान वर करून, आणि म्हणाले बोटां जाडी झाली हत माझी. भाचीने मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं, मला पण बघायला लावलं, गाल पांढरट होता आणि आतून दाबून बघितला तर दोरीसारखा लागत होता. सोमवारी मी सुट्टी टाकलीय, त्यांना घेऊन ओपीडीला जायचंय. सुपारी अजून तीन पोती सोलायची आहे.